अस्वलासाठी घेतलेलं रिव्हॉल्वर

कुतुबभाईंनी काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर तीन रिव्हॉल्वर मांडली. सोनार दागिने मांडतो तशी, एकमेकांना न लागता.

“कशावर चालवायचं आहे, जमादारसाहेब?”

“अस्वलावर.”

“मग हे कशाला बघता? बारा बोअरची दुनाळी देतो. अस्वल काय, रानडुक्कर काय...” बोलता बोलता त्यांची नजर जमादारांच्या डाव्या बाहीवर गेली. ती कोपराखाली दुमडून पिनेने लावलेली होती. कुतुबभाई थांबले. “माफ करा. दुकानदाराची नजर आधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर असते.”

“दुसरा हात असता तर दुनाळीच घेतली असती,” जमादार म्हणाले. “एका हातात मावंन आणि अस्वल जागच्या जागी पाडंन, असं दाखवा.”

जमादार म्हणजे माझे यजमान, विस्तारी. फौजेतून आल्यापासून सगळं गाव त्यांना जमादार म्हणायचं, आणि त्यांच्या माघारी मीही तेच म्हणायची. नागपूरला मी पहिल्यांदाच आले होते. मला त्यांनी आणलं होतं ते काडतुसं भरायला शिकण्यासाठी. एका हाताने चाप ओढता येतो, पण घाईच्या वेळी चक्र उघडून काडतुसं भरणं जमत नाही.

कुतुबभाईंनी पहिलं उचललं. लहान, निळसर, बायकांच्या पानाच्या डबीएवढं.

“हे बत्तीस बोअरचं. सावकाराच्या मुनीमाने खिशात ठेवायचं. याने अस्वलाला मारलं तर अस्वल मागे वळून विचारेल, कोणी हाक मारली का?”

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला. जमादार हसले नाहीत.

दुसरं जाडजूड होतं, आखूड मानेच्या माणसासारखं. “हे तर तुमच्या ओळखीचं असेल. फौजेतलंच. याची गोळी जड, नुसत्या शिशाची. सावकाश जाते, अंगात घुसते आणि तिथंच बसते.”

जमादारांनी त्याला हात लावला नाही.

“ओळखीचं आहे ना,” ते म्हणाले. “ब्रह्मदेशात याच्यातूनच तीन मारल्या एका जपान्याले. तिन्ही छातीत. तरी तो तलवार घेऊन आलाच.”

कुतुबभाईंनी ते बाजूला सरकवलं आणि तिसरं पुढे केलं. त्याची नळी लांब होती. काळं, चकचकीत, आणि लाकडी मुठीवर कोणाच्या तरी तळव्याने घासून घासून आलेली झाक.

“हे एका गोऱ्या साहेबाचं. कोळशाच्या खाणीचा मॅनेजर होता. शिकारीचा नाद. गव्याच्या मागे, वाघाच्या मागे जायचा तेव्हा खांद्यावर रायफल आणि कमरेला हे. रायफलीने दगा दिला तर असू द्यावं म्हणून. विलायतेला जाताना माझ्याकडे देऊन गेला. अमेरिकन माल आहे. मॅग्नम म्हणतात याला.”

जमादारांनी ते उचललं. भिंतीवर गव्याचं मुंडकं लावलेलं होतं, त्याच्या कपाळावर नेम धरला. हात जरासुद्धा हलला नाही. मी मुंडक्याकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. लढाईहून आल्यापासून हा माणूस धोतराची गाठ दातांनी ओढायचा. गावात कोणाचं घर शाकारायचं असलं, विहीर उपसायची असली, तर लोक त्यांना म्हणायचे, तुम्ही बसा जी जमादार, तुम्ही नुसते बसा. त्या दुकानात ते उभे होते ते मात्र बसायला न सांगितलेल्या माणसासारखे.

“एक सांगतो,” कुतुबभाई म्हणाले. “याला जोर फार. गोळीवर तांब्याचं कवच आहे. लागली तर थांबत नाही, पलीकडे निघते. साहेब एकटा फिरायचा, त्याला चाललं. तुम्ही मधलं घ्या. मला हे विकून जास्त मिळतील, तरी सांगतो.”

“अंगात बसणाऱ्या गोळीचा मले अनुभव आहे, भाई.”

“मागे कोण उभं आहे ते पाहून चालवावं लागेल.”

“अस्वलाच्या मागं कोण उभं राहते?” जमादार म्हणाले, आणि रिव्हॉल्वर माझ्या हातात ठेवलं. “हिले भरायले शिकवा.”

ते वरवंट्याएवढं जड होतं. नळीवर काहीतरी कोरलेलं होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं तर ती थंड लागली.

*

आमचं पिपरटोला चांदा जिल्ह्यात, जंगलाच्या कुशीत. चैतात मोह गळतो. पिवळसर, रसाळ फुलं पहाटेपासून टपटप पडतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. ती वाळवून ठेवली की पावसाळ्यात खायला होतं, विकायला होतं. आमच्याकडे शेती नावापुरती. मोह नाही तर चूल नाही, इतकं सरळ होतं.

मोह अस्वलालाही आवडतो. म्हणून आमच्या बायांची एक रीत होती. जंगलाच्या तोंडाशी सगळ्या थांबायच्या. तानी बुढी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, रॉकेलचा रिकामा डबा बडवायची आणि मोठ्याने ओरडायची, “मामा, भाच्या आल्या जी! बाजूला व्हा. तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी!” मग आम्ही मोठमोठ्याने बोलत, एकमेकींना शिव्या देत आत जायचो. नाल्याच्या काठावर एक जुना मोह होता, सगळ्यात जास्त गळणारा. त्याच्या खालचं एक फूल कोणी उचलायचं नाही. ते मामाचं झाड. अस्वलाचं नाव जंगलात घ्यायचं नाही, मामा म्हणायचं.

पण आदल्या वर्षी रीत पाळूनही दोघींना अस्वलाने फाडलं होतं आणि शेजारच्या टोल्यावरच्या वस्तीतला एक माणूस मेला होता. बाया जायला घाबरू लागल्या. गावाची बैठक बसली. हत्यार चालवलेला माणूस गावात एकच होता. तहसिलीतून परवाना मिळाला, गावाने मोह विकून पैसे जमवले आणि जमादार नागपूरला निघाले.

कौतिका त्या वर्षी आमच्याकडेच होती. कौतिका माझी धाकटी बहीण, मला बाई म्हणायची. आई गेली तेव्हा ती रांगत होती. माझ्या लग्नात माझ्याबरोबर आंदणासारखी तीही सासरी आली. जमादारांनी तिला खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता. आता तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नवरा मनीराम बल्लारपूरकडे खाणीत लागला होता आणि त्याला अजून खोली मिळायची होती. हा मोह वेचून झाला की ती त्याच्याकडे राहायला जाणार होती. तिने एक स्टोव्हसुद्धा बघून ठेवला होता.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा तीच धावत सामोरी आली.

“दाखवा भाऊजी, दाखवा! बापा, केवढं हे! बाई, हे तुले उचलते का?”

“मीच भरणार आहे,” मी म्हटलं.

“मग मामाचं काही खरं नाही. बाईच्या हातचं खाऊन भाऊजी वाळले, मामा तर मरूनच जाईन.”

जमादार हसले. “तू नाचत जा जंगलात,” ते म्हणाले. “तुले काटाही लागू देत नाही मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळामागे जमलं. जमादारांनी सालईच्या झाडाचा वीतभर जाड ओंडका उभा केला, त्याच्या मागे वारूळ होतं. मी काडतुसं भरली. आवाज असा झाला की झाडावरचे बगळे उडाले आणि गणपत कोतवालाच्या हातची चिलीम पडली. लोक ओंडक्याकडे पळाले. पुढून भोक, मागून त्याहून मोठं भोक, आणि वारुळाचा शेंडा उडालेला.

“बापा रे! झाडातून गेली आणि माती खाल्ली!”

“मामाच्या पोटातून जाईन आणि मामीलेही लागंन!”

सगळे हसत होते. जमादार ओंडक्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एक बोट पुढच्या भोकात घातलं, मग मागच्या. मग पुन्हा पुढच्या. मी विचारलं, काय झालं जी? ते म्हणाले, काही नाही, चांगलं आहे.

*

मोह गळायला लागला तसं जमादारांनी बायांना बसवून सांगितलं, “डबा वाजवायचा नाही. बोलायचंही नाही. तुमच्या गोंगाटात मले झुडपातला आवाज ऐकू येणार नाही. मी पुढं राहीन, तुम्ही माझ्या मागं गुपचूप.”

तानी बुढीने डबा पोटाशी धरला. “जमादार, तुमची ती फौज होती. हे आमचं घरचं नातं आहे. मामाले सांगितल्याशिवाय त्याच्या घरात शिरायचं?”

“गेल्या वर्षी सांगितलं होतं ना तुम्ही. ऐकलं का त्यानं?”

एकजण म्हणाली, “जाऊ दे व बुढे. तुह्या आवाजानं मामा काय, तुहा बुढासुद्धा पळाला होता.” बाया हसल्या. बुढी डबा घेऊन घरी गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

पहिले काही दिवस कसे गेले सांगू! असा मोह आम्ही कधी वेचला नव्हता. भीतीने मान वर करायची नाही, कान टवकारायचे नाहीत. जमादार झाडाला टेकून उभे, हातात ते काळं हत्यार, आणि आम्ही निवांत. टोपल्या लवकर भरायला लागल्या. जमादार घरी आले की आधी पाणी मागायचे आणि मग गावातल्या माणसांशी बोलत बसायचे. पूर्वी लोक बोलायचे आणि ते ऐकायचे. आता ते बोलायचे.

मग एका सकाळी बाया मामाच्या झाडाशी थांबल्या. खाली फुलांचा सडा पडला होता. पाय ठेवायला जागा नाही.

“एवढी फुलं वाया जातात व,” कोणीतरी म्हटलं.

“मामाचं आहे ते,” तानी बुढी म्हणाली.

“मामा कुठं दिसला का इतक्या दिवसांत? भिऊन गेला असंन पलीकडच्या जंगलात.”

बायांनी जमादारांकडे पाहिलं. विचारलं कोणीच नाही, नुसतं पाहिलं.

“मी आहो,” जमादार म्हणाले.

कौतिका सगळ्यात आधी वाकली. तिला बल्लारपूरला न्यायला तो स्टोव्ह आणि दोन भांडी घ्यायची होती. तिने त्या झाडाखालून त्या दिवशी दोन टोपल्या वेचल्या. बुढी लांब उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही वेचल्या. तिसऱ्या दिवशी बुढीसुद्धा वेचायला लागली.

*

त्या सकाळी थोडं धुकं होतं. उजाडलं होतं, पण ऊन यायचं होतं. जमादार नाल्याच्या वरच्या अंगाला उभे होते, कारण तिकडून जंगलातली वाट येते. कौतिका मामाच्या झाडाखाली नाल्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्यापासून दोन झाडं सोडून. कोणी बोलत नव्हतं. फुलं पडण्याचा आवाज येत होता तेवढाच.

अस्वल नाल्यातून वर आलं. रोज येत असेल तसंच, आपल्या झाडापाशी, मान खाली घालून फुलं शोधत. मी पाहिलं तेव्हा ते झाडाच्या बुंध्याशी होतं. त्याला कौतिका दिसली नव्हती आणि कौतिकाला ते दिसलं नव्हतं. मी ओरडले.

ते दोन पायांवर उभं राहिलं. कौतिका वळली, आणि ते तिच्या अंगावर पडलं.

अस्वल वाघासारखं मान धरत नाही. ते तोंड धरतं. मला फक्त काळे केस दिसत होते आणि तिचे पाय. तिचे पाय जमीन खरडत होते. आवाज अस्वलाचाच होता, तिचा नव्हता.

जमादार पळत आले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाएवढं अंतर राहिलं तिथे थांबले. हात सरळ केला. दुकानात केला होता तसाच.

“मारा जी!” मी ओरडले. “मारा!”

सगळ्या बाया ओरडायला लागल्या. मारा! मारा! जमादार डावीकडे सरकले, नेम धरला, पुन्हा उजवीकडे सरकले. अस्वलाचं डोकं तिच्या डोक्यावर होतं, छाती तिच्या छातीवर. जिथून पाहावं तिथून अस्वल पुढे आणि ती मागे. त्यांनी हात वर केला आणि एक गोळी झाडात मारली. फांद्यांची फुलं भदाभदा खाली पडली. अस्वलाने मान वर केली नाही.

मी टोपली घेऊन धावले. ती त्याच्या पाठीवर हाणली. टोपली काय, बांबूचीच. तानी बुढी दोन्ही हात रिकामे घेऊन उभी होती, आणि नुसती ओरडत होती, “मामा! मामा, आम्ही आहो जी! आम्ही आहो!” जमादार हात लांब करून आमच्याभोवती फिरत होते. त्यांच्या तोंडातून कसलासा आवाज येत होता. मला वाटतं ते “हट, हट” म्हणत होते, गुराला म्हणतात तसं.

मग अस्वलाने तिला सोडलं. का सोडलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या टोपलीने नाही, गोळीने नाही. त्याचं झालं असावं. ते बाजूला झालं, हुंगलं आणि नाल्याकडे चालायला लागलं. पळालं नाही, चाललं.

तेव्हा जमादारांनी गोळ्या मारल्या. एकामागून एक, उरलेल्या सगळ्या. अस्वल नाल्याच्या काठावर बसल्यासारखं झालं आणि आडवं पडलं. रिकाम्या झालेल्या रिव्हॉल्वरचा खटका ते नंतरही ओढत होते. टक, टक, टक.

मी कौतिकाचं डोकं मांडीवर घेतलं. तिथे काय होतं ते मी लिहिणार नाही.

*

बैलगाडीने आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. एक डोळा गेला, नाक गेलं, वरचा ओठ गेला. डॉक्टरांनी शिवता येईल तेवढं शिवलं.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला गावात आलो तर लोक अस्वल पाहून बोलत होते. शेजारच्या गावाहून माणसं आली होती. एकच गोळी लागली होती, मागून घुसून छातीतून बाहेर. “काय हत्यार आहे, जमादार! एका गोळीत!” गणपत कोतवाल सांगत होता. “साहेबानं गव्यासाठी ठेवलं होतं ते!” जमादार त्यांच्यातून वाट काढत घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मनीराम आला तो एका रविवारी. कौतिका पदर पुढे ओढून बसली होती. त्याने चहा घेतला. बाहेर पाहत म्हणाला, “खोली मिळाली.” मी म्हटलं, “चांगलं झालं.” तो म्हणाला, “लहान आहे.” मग थोडा वेळ बसून राहिला. जाताना तो जमादारांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. कौतिकाशी बोलायचं म्हणून दारात थांबला आणि न बोलता गेला. पुढे त्याने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. कौतिकाने ऐकलं आणि चुलीत काटक्या सारल्या.

पुढच्या चैतात तानी बुढीने पुन्हा डबा बडवला. जमादारांना कोणी बोलावलं नाही. तसं तोंडावर कोणी काही म्हटलंही नाही. तुम्ही बसा जी, तुम्ही नुसते बसा, एवढंच. मामाच्या झाडाखालचं कोणी उचललं नाही. त्या वर्षी तिथे कोणी फुलं खायलाही आलं नाही. फुलं तिथेच कुजली आणि नाल्यापर्यंत वास सुटला. नंतर जमादारांनी रिव्हॉल्वर ठाण्यात जमा केलं. परत आणायला ते गेले नाहीत.

कौतिका आमच्याकडेच राहिली. सगळी कामं करायची. लुगड्याचा पदर खाली ओढलेला, आतून एक डोळा. पोरं भ्यायची म्हणून ती पाण्याला ऊन चढल्यावर जायची, बाया परतल्यावर. जमादारांना ताट तीच वाढायची. ते तिच्याकडे बघत नसत. ताटाकडे बघून “बस बस” म्हणायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. आम्ही तिघं म्हातारे व्हायला लागलो. एकदा दुपारी ओसरीवर आम्ही चिंचा फोडत बसलो होतो. जमादार खांबाला टेकून होते, त्यांना दम्याने धरलं होतं तेव्हा. मध्येच कौतिका म्हणाली, “भाऊजी, एक विचारू?”

इतक्या वर्षांत तिने त्यांना काही विचारलं नव्हतं.

“विचार.”

“त्या दिवशी तुम्ही मारली काहून नाही?”

मी चिंच फोडायची थांबले. जमादारांनी धाप आवरली.

“तुले लागली असती,” ते म्हणाले. “त्याची गोळी थांबत नव्हती. पलीकडं निघते. मी ओंडक्यात बोट घालून पाहिलं होतं.”

“मले माहीत आहे.”

“मग काहून विचारते?”

“मी पाहत होती ना भाऊजी. एका डोळ्यानं दिसत होतं मले. तुमचा हात दिसत होता. तुम्ही इकडून पाहा, तिकडून पाहा. मी तुमच्याकडेच पाहत होती.” ती चिंचेचा चिंचोका काढून टोपलीत टाकत होती. “मी म्हणत होती, मारा.”

“सगळ्याच म्हणत होत्या.”

“त्या म्हणत होत्या मले वाचवा म्हणून. मी तसं नाही म्हणत होती. मी म्हणत होती, लागू द्या दोघांलेही. तोंडच नव्हतं तर तुम्हाले कसं ऐकू जाईन?”

मला उठून आत जावंसं वाटलं.

“तू जिवंत आहेस, कौतिके,” ते म्हणाले.

“आहो ना,” ती म्हणाली. “मी कुठं नाही म्हणते.”

तिने पुढची चिंच घेतली. टरफल काढलं, शिरा ओढल्या. मला वाटलं, झालं. पण ती पुन्हा बोलली, आणि आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ टाकलं का विचारावं तसा.

“आणि मग तो चालला होता तेव्हा काहून मारलं त्याले? तो तर चाललाच होता. घरी चालला होता.”

जमादारांनी आपल्या हाताकडे पाहिलं. एकच हात होता, तो मांडीवर उताणा पडला होता.

“गोळ्या होत्या,” ते म्हणाले.

“हं,” कौतिका म्हणाली.

तिने चिंचोके पदरात गोळा केले, अंगणाच्या कडेला नेऊन टाकले आणि येताना त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या घेतला. तिने तो खालून धरला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला.